कागदावरचे क्लिफर्ड ॲकरॉइड

शुक्रवारी दुपारी पावणेदोन वाजता, स्केलब्रिजच्या क्रीडा संकुलात बॅडमिंटनच्या कोर्टावर उभं राहून, आमच्या शेजारचे क्लिफर्डकाका निवडणूक अधिकारी बाईंना म्हणाले, "मॅडम, मी हरलो असं धरून चाललं, तर नाही का चालणार?"

अधिकारी बाई, मिस प्रायर, स्टेशनवरच्या भोंग्यासारख्या बोलतात. समोर एकच माणूस असला तरी सगळ्या फलाटाला सांगितल्यासारखं. "उमेदवारांनी कृपया नोंद घ्यावी. निकाल मतांवर ठरतो. उमेदवारांच्या इच्छेवर ठरत नाही."

"नाही म्हणजे, हो," काका म्हणाले. "पण ही मतं माझी नाहीत."

"मग कोणाची आहेत?"

काकांनी मागे वळून बोट दाखवलं. मागे नॉर्मन यीडन उभे होते. चोवीस वर्षं आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, काकांचे शाळेपासूनचे दोस्त, आणि त्या घटकेला एका मताने माजी.

तिथे माझे बाबा होते, मॅव्हिसकाकू होत्या आणि काका तर होतेच. तिघांकडून मी हे तीन वेळा ऐकलंय, बाबांकडून जरा जास्तच. आकडे तिघांचे जुळतात. बाकी कशाचा कशाला पत्ता नाही.

क्लिफर्ड ॲकरॉइड यांनी जन्मभर खिडक्या पुसल्या. चॅपल फोल्ड वॉर्डातल्या साडेतीनशे घरांच्या, दर चार आठवड्यांनी, बाहेरून. आता वय एकाहत्तर, गुडघा कुरकुरतो, म्हणून पंचवीसेक घरं ठेवलीत, तीही जिथली माणसं त्यांच्याहून म्हातारी आहेत. त्रेपन्न वर्षं शिडीवर उभं राहून परक्यांच्या घरात बघायचं म्हणजे माणसाला काय काय दिसलं असेल! कोण कोणावर बशी फेकतं, कोणते मुख्याध्यापक केसांचा टोप काढून मांजराच्या शेजारी ठेवतात, कोण दुपारी दोन वाजता एकटंच नाचतं. पण काकांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडेल तर शपथ.

"अरे, मला तरी सांग," मॅव्हिसकाकू म्हणायच्या. "मी बायको आहे तुझी. त्या पंचवीस नंबरात सकाळी सकाळी कोण होतं?"

"काचेवर डाग होता," काका म्हणायचे. "पुसला."

काका कुठलंही वाक्य 'नाही म्हणजे, हो'ने सुरू करतात. चहा घेणार का? "नाही म्हणजे, हो, दोन चमचे साखर." गुडघा बरा आहे का? "नाही म्हणजे, हो, दुखतोय." त्यामुळे त्यांच्याशी भांडताच येत नाही. भांडायला निदान समोरच्याची एक बाजू तरी कळावी लागते.

नॉर्मन यीडन बरोबर उलटे. छाती पुढे, आवाज त्याच्याही पुढे. काहीही बोलायचं असलं की आधी तीन बोटं वर करतात. "तीन मुद्दे आहेत." मग पहिला मुद्दा येतो, दुसरा येतो, आणि तिसरं बोट तसंच हवेत राहतं. दर निवडणुकीला त्यांचं पत्रक दारातून आत पडतं आणि त्यावर रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवणारे नॉर्मन असतात. चोवीस वर्षांची पत्रकं शेजारी शेजारी मांडली तर नॉर्मनचे केस पांढरे होत जाताना दिसतात. "खड्डा मात्र तरुण आहे," असं मॅव्हिसकाकूंचं निरीक्षण.

मार्चमध्ये हे नॉर्मन काकांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"क्लिफ, गड्या, तुझं नाव हवंय."

"कशाला?"

"कागदावर. वॉर्डाच्या जागा तीन आणि यंदा आमच्याकडे माणसं दोन. मी, आणि ती औषधाच्या दुकानातली रुखसाना मिर्झा. तिसरी ओळ रिकामी राहिली तर लोकांना वाटेल पक्षाला माणूसच मिळेना."

"मिळत नाहीयेच ना?" मॅव्हिसकाकू म्हणाल्या.

नॉर्मननी तिकडे दुर्लक्ष केलं. "तीन मुद्दे आहेत. एक, तुला काहीही करायचं नाही. दोन, तू निवडून येणार नाहीस, हा माझा शब्द."

मॅव्हिसकाकू तिसऱ्या मुद्द्याची वाट बघत राहिल्या. नॉर्मननी तिसऱ्या बोटाने बिस्किट उचललं.

असे कागदावरचे उमेदवार इथे दर निवडणुकीत असतात. कोणाची मेहुणी, कोणाचा न्हावी. अर्जावर सही करायची, घरी जायचं, हरायचं आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आणि नॉर्मननी काही मागितलं आणि काका नाही म्हणाले, असं सगळ्या आयुष्यात एकदाच घडलंय. तेव्हा नॉर्मनना नाचायला मॅव्हिस हवी होती.

अर्जावर सूचक म्हणून काकूंची सही झाली आणि अनुमोदक म्हणून माझ्या बाबांची. पत्रकासाठी फोटो पाहिजे म्हटल्यावर कळलं की काकांचा गेल्या वीस वर्षांतला फोटो एकच आहे, तोही पाठमोरा, शिडीवरचा. तोच छापला. वर खड्ड्यापाशी नॉर्मन, मध्ये औषधांच्या बाटल्यांपुढे रुखसाना, खाली काकांची पाठ. "क्लिफर्ड ॲकरॉइड. तुमच्या ओळखीचे." फोन नंबर तिघांसाठी एकच छापला, नॉर्मनचा. क्लिफर्डला कोण कशाला फोन करणार?

एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या पहिल्या अक्षराच्या क्रमाने छापतात. इंग्रजी मुळाक्षरांत ॲकरॉइड अगदी आरंभी आणि यीडन जवळजवळ शेवटी. सहा उमेदवार, प्रत्येक मतदाराला तीन क्रॉस, म्हणजे तीन मतं. काका सगळ्यात वर, नॉर्मन सगळ्यात खाली. नॉर्मन नेहमीच खाली असायचे. पण आजवर त्यांचे जोडीदार होते व्हिटेकर आणि वूड, तेही तळालाच. लोकांना माहीत होतं, आपली माणसं खाली राहतात. यंदा लोकांनी वरून सुरुवात केली, आणि खाली पोचेपर्यंत कोणाचे क्रॉस संपले, कोणाची हौस.

हा नॉर्मनचा सिद्धांत. मॅव्हिसकाकूंचा वेगळा आहे, तो पुढे येतो.

शुक्रवारी मोजणीला काका गेले ते 'बघायला डोळे हवेत' असं नॉर्मन म्हणाले म्हणून. बाबांनाही त्यासाठीच नेलं. टेबलाच्या एका बाजूला बोटांत रबरी टोप्या घातलेली मोजणारी माणसं, दुसऱ्या बाजूला उमेदवार आणि त्यांची मंडळी. हात लावायचा नाही, वाकायचं नाही. बाबा जरा पुढे झाले तर मिस प्रायर म्हणाल्या, "निरीक्षकांनी कृपया टेबलावर श्वास सोडू नये." आणि मोजणीआधी सगळ्यांना गुप्ततेचा नियम वाचून दाखवला, की कोणी कोणाला मत दिलं हे इथे कळलं तरी बाहेर सांगायचं नाही, तो गुन्हा आहे.

पहिले आकडे आले ते मिस प्रायरनी उमेदवारांना बाजूला घेऊन सांगितले. मिर्झा तेराशे बारा. समोरच्या पक्षाची जेमा बॉस्टक एक हजार चाळीस. ॲकरॉइड नऊशे सत्त्याऐंशी. यीडन नऊशे शहाऐंशी.

मग मॅव्हिसकाकू म्हणाल्या, "क्लिफर्ड, काय केलंस तू हे?" जणू त्यांनी गालिच्यावर चहा सांडला होता.

"मी काही नाही केलं!"

"फेरमोजणी!" नॉर्मन म्हणाले.

"हो, मलाही पाहिजे फेरमोजणी," काका म्हणाले.

मिस प्रायरनी नियमांचं पुस्तक चाळलं. "पुढे असलेल्या उमेदवाराला फेरमोजणी मागता येते," त्या सावकाश म्हणाल्या. "आजवर कोणी मागितलेली नाही."

पुन्हा मोजलं. नऊशे सत्त्याऐंशी, नऊशे शहाऐंशी. मग संशयास्पद मतपत्रिका पुन्हा एकदा बाहेर काढल्या. एकीवर कोणी चार क्रॉस केले होते, ती बाद. एकीवर आडवं लिहिलं होतं, 'सगळे सारखेच', ती बाद. एकीवर मांजर काढलं होतं, पण क्रॉस नीट होते, ती चालली. आणि शेवटी एक राहिली. तिच्यावर एकच क्रॉस, ॲकरॉइडच्या पुढे. आणि शेजारी निळ्या शाईत, सुरेख अक्षरात: 'मागची छोटी खिडकी राहिली. घाई नाही.'

"क्रॉस स्पष्ट आहे," मिस प्रायर म्हणाल्या. "मजकुरावरून मतदाराची ओळख पटत नाही. मत वैध."

"थांबा!" नॉर्मन म्हणाले. "आणि पटली तर?"

"मतपत्रिकेवरच्या लिखाणावरून मतदार कोण हे कळत असेल, तर मत बाद."

बाद म्हणजे नऊशे शहाऐंशी आणि नऊशे शहाऐंशी. मग चिठ्ठी टाकून निकाल. नॉर्मननी काकांकडे पाहिलं. रुखसानाने पाहिलं. रबरी टोप्यावाल्यांनी पण पाहिलं.

त्रेपन्न वर्षांत ज्या माणसाने एका खिडकीचं काही सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, "मॅडम, मला कळतंय."

"काय कळतंय?"

"घर. मागे छोटी खिडकी आहे आणि मागच्या खेपेला मी ती विसरलो, असं एकच घर आहे. ते—"

"थांबा!" मिस प्रायर ओरडल्या. भोंगा गेला, आतून माणूस आला. "एक शब्द बोलू नका! गुन्हा आहे तो!"

"मग न सांगता कसं सांगू?"

"सांगूच नका."

"बरं. मग बाद करा."

"तुम्ही सांगितल्याशिवाय मी बाद कशी करणार?"

"मग सांगतो."

"सांगू नका हो!"

"क्लिफ, नुसतं बोट दाखव," नॉर्मन म्हणाले.

"बोटही दाखवायचं नाही!"

बाबांच्या मते हे चार मिनिटं चाललं. काकूंच्या मते इतका वेळ चाललं की त्यांना सँडविच खाऊन घेता आलं. शेवटी मिस प्रायरनी पुस्तक मिटलं. "मतपत्रिका गप्प आहे," त्या म्हणाल्या. "बोलताय ते तुम्ही. मत वैध." आणि तेव्हाच काकांनी तो प्रश्न विचारला, मी हरलो असं धरून चाललं तर.

नाही चाललं. काकांना मंचावर उभं केलं. पक्षाची फीत त्यांच्या कोटावर उलटी लागली होती. नॉर्मननी टाळ्या वाजवल्या, मोजून तीन, आणि गाडी काढून घरी गेले. काका-काकू त्यांच्याच गाडीतून आले होते, हे ते विसरले. विसरले असतील असं काका म्हणतात. ते दोघं बाबांबरोबर बसने आले, आणि बसचा ड्रायव्हर म्हणाला, "अभिनंदन, साहेब!" तेव्हा काकांनी मागे वळून पाहिलं, की कोणाला म्हणतोय.

ते घर कोणाचं हे काकांनी आजवर सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी शिडी घेऊन ते आधी कुठे वळले हे मी आमच्या खिडकीतून पाहिलं, आणि ते मीही सांगणार नाही.

आता नियम असा आहे की निवडून आलेल्याने दोन महिन्यांच्या आत पद स्वीकारल्याच्या कागदावर सही करायची. नाही केली तर जागा रिकामी, पुन्हा निवडणूक. काकांनी शुक्रवारी संध्याकाळीच जाहीर केलं, "मी सही करत नाही. जागा मोकळी होईल, नॉर्मन उभा राहील, संपलं."

"आणि नऊशे सत्त्याऐंशी माणसांचं काय?" काकूंनी विचारलं.

"ती मला मिळालेली नाहीत. मी वर होतो म्हणून मिळाली. माझ्या जागी बादली उभी असती तरी मिळाली असती."

"बादलीचं आडनाव ॲकरॉइड नाही. आणि लोकांना खालपर्यंत वाचता येत नाही होय? बाजारात भाव बरे वाचतात! माणसं तुला ओळखतात, क्लिफर्ड. नॉर्मन त्यांच्याकडे चार वर्षांनी येतो, तू चार आठवड्यांनी." हा तो काकूंचा सिद्धांत.

खरा कोणता, हे काकांना ठरवता येईना. साधं विचारावं तर विचारायचं कोणाला? मत कोणाला दिलं, हे कोणी कोणाला विचारत नाही. जो माणूस काचेतून सगळं आरपार बघायचा, तो त्या आठवड्यात प्रत्येक काचेपुढे थांबून राहायचा. हिने दिलं असेल? ह्याने? की नुसता वरचा चौकोन भरला? कोपऱ्यावरच्या मिसेस थ्रेलफॉल अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्यांनी खिडकी उघडून विचारलं, "नगरसेवक झालास म्हणे?"

"नाही म्हणजे, हो."

"मी मत कोणाला दिलं होतं रे?"

"मला कसं माहीत असणार?"

"मलाही आठवत नाही, म्हणून विचारलं. तो कोपरा राहिला बघ."

नॉर्मन बोलायचे बंद झाले होते. रोज संध्याकाळी क्लबात डॉमिनो खेळायला जायचे दोघं, काका जाऊन एकटे बसले आणि परत आले. पण पत्रकावर फोन नंबर नॉर्मनचाच होता ना! लोकांची गाऱ्हाणी त्यांच्याकडेच यायची. मग शनिवारी दुपारी काकांच्या दारातून पहिली चिठ्ठी आत पडली.

'१४ नंबर. कचऱ्याचा हिरवा डबा दोन आठवडे उचललेला नाही. मला फोन आला. आता माझा प्रश्न नाही. एन. यीडन.'

नॉर्मन चिठ्ठी कशी टाकतात हे बघण्यासारखं होतं. सहा फुटी माणूस, चोरपावलांनी फाटकातून यायचा, कागद दारातल्या पत्रांच्या फटीतून ढकलायचा आणि तिची झडप मिटायच्या आत कुंपणाआड. चोवीस वर्षं ह्याच दारात त्यांनी धडाधड मुठी आपटल्या होत्या.

काकांनी नगरपालिकेला फोन लावला. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग चाळीस मिनिटं सनई की कायसं वाजलं, मग यंत्राने सांगितलं की शनिवारी कार्यालय बंद असतं. रविवारी दुसरी चिठ्ठी.

'१४ नंबर. डबा आहे तिथेच आहे. फोनवर बसू नकोस, गाढवा. सोमवारी साडेसातला डेपोत जा. पॉलाशी बोल. गॅरीशी बोलू नकोस, गॅरी सगळ्याला हो म्हणतो.'

सोमवारी काका डेपोत गेले. पॉला म्हणाली, "डबा उचलायला आमची ना नाही हो, पण गल्लीच्या तोंडाला व्हॅन लावलेली असते. ट्रक वळतच नाही. तुम्ही कोण?"

"मी नगरसेवक. म्हणजे अजून नाही. म्हणजे होणार नाही."

"बरं," पॉला म्हणाली. "झालात की सांगा."

काका हे घरी येऊन फक्त काकूंना बोलले. पण भिंती पातळ आहेत, आणि पलीकडे माझे बाबा. मंगळवारची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली होती, सोबत गल्लीचा नकाशा, व्हॅनवर फुली. 'तीन मुद्दे. एक, व्हॅन डंकनची आहे. दोन, डंकनला सांगू नकोस, भांडेल. त्याच्या आईला सांग.' त्याच्या खाली तीनचा आकडा होता आणि पुढे कोरं.

काका डंकनच्या आईकडे गेले. तिच्या खिडक्या ते बत्तीस वर्षं पुसत होते. ती म्हणाली, "अगंबाई, आमच्या डंक्याने? थांब, बघते त्याच्याकडे." बुधवारी व्हॅन नव्हती, ट्रक वळला, डबा रिकामा झाला. संध्याकाळी चौथी चिठ्ठी. फक्त एक ओळ.

'१४ नंबरने आभार मानलेत. तुझे. मी फक्त कळवतोय.'

ती वाचून काका जिन्यावरच बसले. मग त्यांनी मिस प्रायरना पत्र लिहिलं. मी पद स्वीकारत नाही, ही जागा माझ्या मित्राची आहे. गुरुवारी सकाळी ते पत्र घेऊन नॉर्मनकडे निघाले. आधी त्याला दाखवायचं, मग टाकायचं. "मी पण येते," काकू म्हणाल्या. "तुम्हा दोघांना एकटं सोडलं तर उद्या मीच नगरसेवक व्हायची."

नॉर्मननी दार उघडलं. आत या म्हणाले नाहीत. उंबऱ्यातच पत्र वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"'ही जागा माझ्या मित्राची आहे,'" त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. "माझी असती तर गेली असती का, गाढवा? मी काय तिच्यावर रुमाल टाकून ठेवला होता?"

"मी मुद्दाम नाही केलं, नॉर्मन."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर कोणावर ओरडावं कळत नाही."

"सही केली नाही की निवडणूक लागेल. तू उभा राहा."

"आणि लोक काय म्हणतील? खिडकीवाल्याला शिडीवरून खाली ओढला. माझी सख्खी बहीण मला मत देणार नाही." नॉर्मननी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मला एक सांग, क्लिफ. सांगायचं नसेल तर नको सांगू. तू काय केलंस? तुझे तीन क्रॉस?"

असलं विचारत नाहीत.

"आपल्या तिघांना दिले," काका म्हणाले. "मी खालून सुरुवात केली. पहिला तुला."

नॉर्मनचा चेहरा विचित्र होत गेला. काकू म्हणतात, रडणार होते. काका म्हणतात, शिंक येणार होती.

"मी वरून केली," नॉर्मन म्हणाले. "पहिला क्रॉस तुला. म्हटलं, बिचाऱ्या क्लिफला निदान चारदोन तरी पडावीत." ते दाराला टेकले. "एका मताने हरलो मी, क्लिफ. ते माझं आहे. माझ्या हातचं! नसतं दिलं तर बरोबरी होती!"

"पण मग ते खिडकीवालं—"

"खिडकीचं सोड! ती म्हातारी कोण असेल ती असो, तिला निदान काहीतरी काम होतं! माझं काय होतं?"

"मग," काका म्हणाले, "नऊशे सत्त्याऐंशीतलं एक तरी मला बघून दिलेलं आहे."

"आहे," नॉर्मन म्हणाले. "दुर्दैवाने."

आणि मग ते दोघं हसायला लागले, की एकच हसत होता आणि दुसरा खोकत होता, हे काकूंना नीट सांगता येत नाही. हसण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने काका म्हणाले, "मग मी करू काय? सही करू?"

"मला काय विचारतोस? मी माजी."

"पण तुलाच माहीत असतं सगळं. मला डेपोचं दारसुद्धा सापडत नव्हतं."

नॉर्मननी त्या पत्राकडे पाहिलं. "हे टाकलंस तर नऊ नंबरच्या गटाराचं कोण बघणार? काल फोन आलाय. मी त्यांना म्हटलं, ॲकरॉइड बघेल. आता मी काय तोंडाने सांगू, की ॲकरॉइड पळाला?" पत्र त्यांनी आपल्याच खिशात टाकलं आणि खुंटीवरचा कोट काढला. "चल. टाउन हॉलचं पुढचं दार उघडं असतं, पण त्यातून कोणी जात नाही. तुला कळायचं नाही."

ते तिघं बाजूच्या दाराने गेले. दारावरची बाई म्हणाली, "या नगरसेवक!" तेव्हा दोघंही थांबले. मग दोघंही पुढे झाले आणि एकमेकांना आपटले.

मिस प्रायरनी टेबलावर कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि सगळ्या फलाटाला सांगितलं, "सदस्यांनी मजकूर वाचून सही करावी."

काकांनी खिसे चाचपले. चष्मा घरी. काकूंनी आपला पुढे केला, त्यातून त्यांना नुसतं धुकं दिसलं.

"आण इकडे," नॉर्मन म्हणाले. "नको, राहू दे, कागद नको. सहा वेळा म्हटलंय मी ते. मी सांगतो, तू माझ्यामागून म्हण, आणि सही कर." त्यांनी कोटाची बटणं लावली, पाठ ताठ केली, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"मी, नॉर्मन यीडन—"

आणि थांबले.

काकांच्या हातात पेन होतं. मिस प्रायर छताकडे बघत होत्या. काकू म्हणतात, बाहेर कुठेतरी कचऱ्याचा ट्रक मागे येत होता, त्याची पीं पीं तेवढी ऐकू येत होती, आणि कोणालाच, अगदी नियमांच्या पुस्तकालाही, आता काय करायचं हे माहीत नव्हतं.

नॉर्मननी घसा साफ केला.

"मी, क्लिफर्ड ॲकरॉइड," ते म्हणाले, जरा हळू.

"मी, क्लिफर्ड ॲकरॉइड," काका म्हणाले, आणि नॉर्मनच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण पुढचं त्यांना येत नव्हतं.